आठ पिक्सेलांत मावेल तेवढी मराठी

२०२३च्या गणपतीत मिरजेच्या घरी माळ्यावरून मखराचं खोकं काढताना त्याच्यामागे एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात माझा गेम बॉय होता, निन्टेंडो कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. १९९३ साली मामाने मस्कतहून आणलेला, करडा, विटेएवढा जड. सोबत एकच कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली, मागे खोचायची डबी: 'सुपर मारिओ लँड'. सेल आतच विसरलेले, त्यांचं पाणी सुटून पट्ट्या हिरव्या पडलेल्या. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पट्ट्या पुसल्या, चार नवे पेन्सिल सेल घातले आणि टिंग करून चालू झाला. स्क्रीनवर दोन उभ्या रेघा कायमच्या गेल्यात, पण मारिओ दिसतो.

माझी भाची तेव्हा सहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीत. नुकतं वाचता यायला लागल्यामुळे दुकानांच्या पाट्यांपासून औषधांच्या बाटल्यांपर्यंत सगळं मोठ्याने वाचत सुटलेली. पहिल्या जगाचा राक्षस मी मारून दिला, राजकन्या आली आणि खाली अक्षरं उमटली. "मामा, काय म्हणते ती?" मी सांगितलं. "मग मराठीत का नाही लिहिलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका कारखान्यात हिशेब लिहितो. प्रोग्रॅमिंग म्हणजे एक्सेलचे मॅक्रो, त्यापुढे नाही. तरी सात महिन्यांनी, गुढीपाडव्याला, तो गेम मराठीत चालू झाला. मधल्या काळात जे शोधायला मला दिवसेंदिवस लागले ते एका जागी असावं म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कार्ट्रिजमधला गेम संगणकावर घेण्यापासून. हा गेम इंटरनेटवर फुकट मिळतो, पण तो तसा उतरवायचा नाही असं मी ठरवलं होतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) सांगतं की संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला तिच्यावरून राखीव प्रत काढता येते. मी वकील नाही. बदल करून ती प्रत वाटायची मुभा मात्र त्यात नाही, एवढं वाचल्यावर कळतं. म्हणून स्वतःच्या कार्ट्रिजवरून प्रत काढायची आणि कुणाला द्यायचं झालं तर फक्त पॅच, म्हणजे नुसते आपण केलेले बदल असलेली फाइल, द्यायचा.

प्रत काढायला जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू नावाचं छोटं यंत्र मिळतं. ऑस्ट्रेलियात बनतं, एका बाजूला कार्ट्रिज खोचायचं, दुसऱ्या बाजूला यूएसबी. २५ सप्टेंबरला मागवलं. १२ ऑक्टोबरला कुरिअरवाल्यांचा मेल आला: केवायसी द्या, बिल द्या, वस्तूचा उपयोग लिहून द्या. पहिल्यांदा मी 'गेमसाठी' एवढंच लिहिलं, तर 'खेळणं आहे का' असा उलटा प्रश्न आला. मग साध्या शब्दांत लिहिलं, 'जुन्या मेमरी कार्ट्रिजमधली माहिती संगणकावर वाचण्याचं यूएसबी उपकरण, वैयक्तिक वापरासाठी, एक नग', आणि सोबत विक्रेत्याच्या पानाचा फोटो जोडला. त्यावर पार्सल सुटलं. ३१ ऑक्टोबरला हातात. यंत्र, टपाल आणि ड्यूटी मिळून ४,८०० रुपये पडले. कोऱ्या, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिजचीही पुढे गरज लागणार हे तेव्हा सुचलं नाही. ते जानेवारीत वेगळं मागवलं, पुन्हा टपालखर्च, पुन्हा केवायसी, आणखी २,९०० रुपये. दोन्ही एकदम मागवा.

४ नोव्हेंबरला फ्लॅशजीबीएक्स या प्रोग्रॅमने पहिली प्रत काढली. प्रोग्रॅमने लगेच सांगितलं की चेकसम (बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळत नाही. तीस वर्षांचा मळ कार्ट्रिजच्या दातांवर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल (औषधांच्या दुकानात मिळालं, ८० रुपये) कानकाडीला लावून पुसलं, काडी काळी झाली, आणि चेकसम जुळला. मग उगाच शंका नको म्हणून आणखी एकदा प्रत काढून दोन्ही ताडून पाहिल्या. अख्खा गेम ६४ केबी. बारा पातळ्या, चार जगं, पाणबुडी, विमान, सगळं ६५,५३६ बाइटांत. आमच्या कारखान्याचं बोधचिन्ह याच्यापेक्षा मोठं आहे.

आता साधनं. मी पंधरा-सोळा उतरवली आणि वापरली मोजून पाच. बीजीबी हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम, कारण त्यात गेम चालू असताना त्याची मेमरी उघडून बघता येते. एचएक्सडी, म्हणजे बाइट बघायला आणि बदलायला हेक्स एडिटर. चित्रांसाठी गेम बॉय टाइल डिझायनर, फार जुना प्रोग्रॅम, पण विंडोजवर अजून चालतो. आरजीबीडीएस हा गेम बॉयचा असेम्बलर, चिपसाठी असेम्बली भाषेत लिहिलेल्या सूचना बाइटांत बदलणारा. आणि पॅच बनवायला फ्लिप्स. सगळी फुकट. वाचायला पॅन डॉक्स नावाचा दस्तऐवज आहे, त्यात गेम बॉयचं पोट उघडून ठेवलंय. तो पहिल्यांदा वाचताना मला दर तिसरी ओळ कळली नाही. पुढे अडेल तिथे परत जाऊन वाचला तेव्हा कळत गेला.

गेम बॉयला अक्षर ही गोष्टच माहीत नसते. त्याला फक्त टाइल कळते. आठ बाय आठ ठिपक्यांची फरशी, चार छटा, एका फरशीला १६ बाइट. पडद्यावर आडव्या वीस आणि उभ्या अठरा फरश्या बसतात. 'एम' हीसुद्धा एक फरशी आणि ढगाचा तुकडा हीसुद्धा फरशीच. म्हणजे गेममधल्या मजकुरात अक्षरं नसून फरश्यांचे क्रमांक आहेत, आणि हेक्स एडिटरमध्ये राजकन्येचं नाव 'डेझी' असं इंग्रजीत शोधलं तर काही सापडत नाही. मी एक आख्खा रविवार असा शोधण्यात घालवला.

यावर युक्ती म्हणजे रिलेटिव्ह सर्च. कुठल्या अक्षराचा क्रमांक काय ते ठाऊक नसलं तरी अक्षरांमधली अंतरं ठाऊक असतात. 'डेझी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डीपासून ए तीन घरं मागे, एपासून आय आठ पुढे, आयपासून एस दहा पुढे, एसपासून वाय सहा पुढे. उणे तीन, अधिक आठ, अधिक दहा, अधिक सहा ही साखळी शोधायची. मी ती एक्सेलमध्येच शोधली, सगळे बाइट एका रकान्यात ओतून आणि शेजारच्या रकान्यात वजाबाकी लावून. तज्ज्ञ हसतील, पण सापडली. तिथून 'ओह! डेझी', 'थँक यू मारिओ', 'गेम ओव्हर', 'टाइम अप', सगळी वाक्यं हाती लागली. बाइटचे पत्ते इथे मुद्दाम देत नाही. या गेमच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि मी दुसऱ्या कुणी दिलेले पत्ते वापरायला गेलो तेव्हा ते माझ्या कार्ट्रिजशी जुळेनात. हेक्समधल्या (दहाऐवजी सोळाच्या आधाराने मोजायची पद्धत) १४सी पत्त्यावर आवृत्तीचा आकडा असतो. तो आधी बघा.

इथपर्यंत दिवाळी आली. मला वाटलं, झालंच आता, अक्षरं काढायची आणि चिकटवायची. पुढचे दोन महिने तिथेच गेले.

आठ ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजी अक्षर पाय पसरून बसतं. आपल्याला वर मात्रा आणि अनुस्वार हवेत, मग शिरोरेघ, मग अक्षर. दोन ओळी मात्रेला, एक रेघेला. उरल्या पाच. पाच ठिपक्यांत 'ळ' काढून बघा. शिवाय शिरोरेघ फरशीच्या दोन्ही कडांना टेकलीच पाहिजे, नाहीतर शब्द तुटक्या दातांसारखा दिसतो. मी भाचीची चौकटीची गणिताची वही घेऊन बसायचो. बाबा बघत असायचे.

बाबा पंचायत समितीत टंकलेखक होते. एकतीस वर्षं मराठी टाइपरायटर. मी 'मारिओ'मधल्या 'रि'साठी आधी 'र' आणि मग वेलांटी अशा फरश्या लावल्या, संगणकावर आपण टाइप करतो तशा. पडद्यावर वेलांटी 'र'च्या पाठीमागे जाऊन 'ओ'वर पडली. मी चूक शोधत बाइट मोजतोय, तर बाबा मागून म्हणाले, "अरे, वेलांटी आधी. मशीनवर वेलांटी आधीच मारायची, मग अक्षर."

मशीनला काय, गाडा डावीकडून उजवीकडे सरकतो. काना वेगळी कळ, अर्धं अक्षर वेगळी कळ. ख, ध, भ, श ही अक्षरं अर्ध्या अक्षराला काना जोडूनच उमटवायची. आजचा संगणक हे सगळं आपल्यासाठी मनातल्या मनात करतो, म्हणून आपण विसरलो. गेम बॉय विसरलेला नाही, त्याला शिकवलंच नव्हतं. त्या संध्याकाळपासून वही बाबांकडे गेली. 'आ' वेगळा काढायचा नाही, 'अ' आणि काना. 'ओ' म्हणजे 'अ' आणि काना-मात्रा. फरश्या वाचवायच्या त्यांच्या युक्त्या मला एकाही दस्तऐवजात सापडल्या नसत्या.

आणि फरश्या वाचवणं भागच होतं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, म्हणजे सव्वीस जागा. सगळ्या मराठी वाक्यांनी मिळून तेवढ्यात बसायचं. शिवाय प्रत्येक वाक्याची लांबी मूळ वाक्याएवढी किंवा कमी. पडद्याच्या वरच्या पट्टीत 'मारिओ'ला पाच घरं आणि लगेच गुणिलेची खूण. आमचा मारिओ सहा घरांचा झाला: म, काना, वेलांटी, र, अ, काना-मात्रा. शेवटी 'रि' एका फरशीत कोंबला, म्हणजे जी वेलांटी आधी मारायला शिकलो ती कळच गेली. 'टाइम'चं 'वेळ' आणि 'वर्ल्ड'चं 'जग' झालं, ते ऐसपैस बसले. 'टाइम अप'ला इंग्रजीत मधली मोकळी जागा धरून सात घरं. 'वेळ संपली' मोजलं तर बरोबर सात. त्या दिवशी जेवताना मी हे तीनदा सांगितलं म्हणे.

'गेम ओव्हर'चं 'खेळ खलास' करायला कुणाचाच विरोध नव्हता. भाचीने मात्र वहीतलं वाचलं, "रवेळ रवलास." पाच ठिपक्यांत 'ख' काढला की त्याचा 'र' आणि 'व' होतोच. खालची गाठ जोडायला एक ठिपका हवा होता, तो 'व'च्या पोटातून काढला.

खरा वाद झाला राजकन्येवरून. 'थँक यू मारिओ'ला सोळा घरं. 'धन्यवाद मारिओ' सहज बसतं, पण सभेत हार घातल्यासारखं वाटतं. जीव वाचवलेल्या माणसाला आपल्याकडे धन्यवाद कोण म्हणतं? 'बरं झालं आलास' मला आवडलं होतं, पण त्याच्यापुढे 'मारिओ' लावला की अठरा घरं होतात. शेवटी बहिणीने सुचवलं, 'आलास मारिओ!' बारा घरं, आणि त्यात सगळं आलं. 'ओह! डेझी'चं मी 'अगं डेझी!' केलं. आईला ते पटलं नाही. "राजकन्या ना ती? अगं कसली? अहो म्हणायला हवं." बाबा म्हणाले, एवढ्या लांबून धावत आलेला माणूस अहोजाहो करत बसत नाही. अगं राहिलं. आई अजून नाराज आहे.

मोजणी अशी झाली: १९ फरश्या. सव्वीसमधून सात शिल्लक. २० जानेवारीपर्यंत सगळं चिकटवून झालं आणि मी बीजीबीमध्ये गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलो. शेवटचा टप्पा ४-३, विमानातून. शेवटचा राक्षस तातांगा पडला, डेझी भेटली, 'अगं' झालं, आणि मग श्रेयनामावली सुरू झाली. निर्मात्याचं नाव जी. योकोई. हे गुनपेई योकोई, ज्यांनी गेम बॉयच घडवला. त्यांच्या नावाच्या जागी होतं काना, 'झ' आणि 'ळ' यांचं कडबोळं. कारण नामावलीही त्याच फरश्यांनी लिहिलेली, आणि त्या फरश्या मी खाऊन टाकल्या होत्या.

एका घरच्या खेळात नामावली बिघडली तर कुणाला कळणार होतं? पण मला ते बघवेना. बाबांनाही नाही. त्यांच्या मते साहेबाचं नाव चुकलेला कागद पुढे जातच नाही.

उपाय असा की नामावली सुरू होण्याआधी इंग्रजी फरश्या परत आणायच्या. आता बाइट बदलून भागणार नव्हतं, असेम्बली लिहावी लागणार होती. एका बँकेच्या शेवटी (बँक म्हणजे मेमरीचा १६ केबीचा कप्पा, या गेमला असे चार आहेत) एकसारख्या बाइटांची रिकामी पट्टी होती. तिथे १९ इंग्रजी अक्षरं, ३०४ बाइट, आणि त्यांना चित्रांच्या मेमरीत उतरवणारा छोटासा लूप ठेवला. कुठून तिकडे उडी मारायची ते बीजीबीच्या ब्रेकपॉइंटने शोधलं: पडद्याच्या नकाशात नामावलीचं पहिलं अक्षर कोण लिहितंय ते पकडायचं आणि तिथून उलटं चालत जायचं. हे वाचायला एक वाक्य लागलं, करायला अकरा रात्री.

केलं, आणि अक्षरं कुरतडल्यासारखी आली. अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी, मध्ये भोकं. मला वाटलं माझी चित्रंच चुकली. चित्रं बरोबर होती. पडदा रंगवला जात असताना गेम बॉय चित्रांच्या मेमरीत लिहू देत नाही. लिहिलेलं नुसतं हवेत जातं, चूक दाखवत नाही, काही नाही. एक चौकट रंगवून झाली की दुसरी सुरू होईपर्यंत जी उसंत मिळते तेवढ्यात लिहायचं. ती उसंत सुमारे ११४० मशीन-सायकलींची (सायकल म्हणजे चिपच्या कामाचा एक ठोका). माझ्या लूपला एका बाइटमागे दहा सायकली लागत होत्या. म्हणजे गेमने स्वतःचं काही काम केलंच नाही असं धरलं तरी शंभरेक बाइट, आणि मी ३०४ ओतत होतो. मग एका चौकटीला एकच फरशी उतरवायची असं केलं. १९ चौकटी, सेकंदाचा साधारण तिसरा भाग. डोळ्याला कळतही नाही.

एक संध्याकाळ मात्र फुकट गेली ती माझ्या आळसामुळे. दर वेळी बारा पातळ्या कोण खेळणार, म्हणून ४-३च्या शेवटी सेव्ह स्टेट, म्हणजे एम्युलेटरमधली त्या क्षणाची जशीच्या तशी साठवण, करून ठेवलं होतं. फरशी बदलली, स्टेट उघडलं, फरक शून्य. पुन्हा बदलली, शून्य. सेव्ह स्टेटमध्ये चित्रांची मेमरीही साठवलेली असते. गेम नवा, पण फरश्या स्टेटमधल्या, जुन्याच. फरश्या तपासायच्या तर गेम बंद करून पहिल्यापासून चालू करायचा.

२ मार्चला कोऱ्या कार्ट्रिजवर गेम लिहिला. संगणकावर सगळं सुरळीत चालत होतं, तेव्हा छाती फुगलेली. खऱ्या गेम बॉयमध्ये घातलं. निन्टेंडोचं चिन्ह खाली सरकलं, टिंग वाजलं, आणि तिथेच थांबलं. तीनदा काढून घातलं. फुंकर मारली, लहानपणी मारायचो तशी. काही नाही.

झालं होतं असं की आदल्या रात्री हौसेने मी गेमच्या मथळ्यातलं नाव बदलून त्यात 'मराठी' लिहिलं होतं. हेक्समधल्या १३४ ते १४सी एवढ्या बाइटांवरून काढलेला एक चेकसम १४डीवर असतो. गेम बॉय चालू होताना तो तपासतो आणि जुळला नाही तर जागीच अडतो. माझ्या एम्युलेटरमध्ये ती सुरुवातीची तपासणी वगळलेली होती, म्हणून तिथे कळलंच नाही. आरजीबीडीएससोबत आरजीबीफिक्स येतो, त्याला 'व्ही' हा पर्याय देऊन चालवलं की चेकसम दुरुस्त होतात. दोन सेकंदांचं काम. ते मला पाचव्या दिवशी समजलं.

पॅचबद्दल एकच सांगतो. पहिल्यांदा मी आयपीएस प्रकारचा पॅच बनवून पुण्यातल्या मित्राला पाठवला. त्याच्याकडेही कार्ट्रिज आहे, त्यानेही स्वतःची प्रत काढलेली. त्याच्याकडे मारिओ पहिल्याच खड्ड्याशी गोठला. त्याची आवृत्ती दुसरी निघाली. आयपीएसला समोर कुठली फाइल आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तो ठरलेल्या पत्त्यावर ठरलेले बाइट लिहून मोकळा होतो. बीपीएस प्रकारात मूळ फाइलचा चेकसम नोंदलेला असतो आणि फाइल वेगळी असेल तर फ्लिप्स सरळ नकार देतो. मित्राच्या आवृत्तीसाठी वेगळा बीपीएस केला, त्याला आणखी आठवडा गेला.

९ एप्रिलला, पाडव्याला, पुन्हा सगळे मिरजेत. श्रीखंड-पुरीनंतर गेम बॉय भाचीच्या हातात दिला. 'मारिओ' वाचलं. 'जग' वाचलं. 'वेळ' वाचून ती थांबली, खालचा ४०० आकडा एकेक कमी होताना बघत राहिली. मारिओ सुरुवातीलाच उभा. मी म्हटलं, अगं पुढे जा. "थांब मामा. वेळ संपल्यावर काय लिहून येतं ते बघायचंय."

आम्ही सहा जण त्या हिरवट पडद्याभोवती डोकी घालून आकडा शून्य व्हायची वाट बघत बसलो. 'वेळ संपली' आलं. तिने वाचलं, बाबांकडे पाहिलं, आणि बाबा म्हणाले, "'ळ' अजून जरा उजवीकडे हवा."